डावीकडे ओढणारी गाडी

गाडीतला बिघाड शोधायला मेकॅनिक लागत नाही, माणसं लागतात, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस अख्ख्या नवी मुंबईत एकच असेल, आणि तो नेमका माझा घरमालक निघाला. करावे गावातल्या त्यांच्या इमारतीत मी तिसऱ्या मजल्यावर एकटा राहायचो. आम्ही सगळे त्यांना 'शेठ' म्हणायचो. भाडेकरूंची नावं लक्षात ठेवण्याच्या भानगडीत शेठ कधी पडले नाहीत. ते आम्हाला मजल्यावरून ओळखत. मी 'तिसरा माला', माझ्याखाली राहणाऱ्या सांगलीच्या विधवा काकू 'दुसरा माला', आणि तळोज्याच्या कारखान्यात केमिस्ट असलेला अबोल गृहस्थ 'पयला माला'. तळमजल्यावर स्वतः शेठ. बायको वारलेली, मुलगी उरणला दिलेली, मुलगा खारघरला टॉवरमध्ये राहायला गेलेला. ज्या अंगणात पूर्वी त्यांच्या भावकीच्या पंगती उठायच्या तिथे आता आमच्या इमारतीचं पार्किंग होतं, आणि संध्याकाळी शेठ तिथेच खुर्ची टाकून येणाऱ्याजाणाऱ्याला "जेवलास कं?" म्हणून विचारत बसायचे. आम्ही "हो शेठ" म्हणून जिना चढायचो.

अशा या एकट्या माणसाने एके दिवशी सात सीटची जुनी गाडी विकत आणली. काकूंनी न राहवून विचारलं, "शेठ, एकट्याला एवढी मोठी गाडी कशाला हो?" शेठ म्हणाले, "होरीत कवा येकटा गेलूय कं मी?" शेठच्या तोंडी होडीची होरी, गाडीची गारी, खाडीची खारी आणि पुढेचं फुरं व्हायचं. ऐन तारुण्यात ते बापाबरोबर खाडीत जाळं टाकायला जात, आणि जगातल्या सगळ्या गोष्टींचा निवाडा ते त्या होडीवरून करत. पाण्याचा पंप बंद पडला तरी त्यांना होडीचंच काहीतरी आठवायचं.

गाडी आली, नारळ फुटला, लिंबू-मिरची लटकली, आणि दुसऱ्याच दिवशी कळलं की गाडी डावीकडे ओढते. स्टिअरिंग सरळ धरलं तरी ती हळूच डाव्या अंगाला निघायची. आधी शेठनी नजर काढली. मग टायरमधली हवा कमीजास्त करून पाहिली. शेवटी रविवारी सकाळी जिन्यातून हाक आली, "तिसरा माला, खाली ये रं! दुसऱ्या न् पयल्या माल्याला पन घे."

"होरी येका अंगाला वढाय लागली तं माजा बापूस काय करायचा? मानसं हलवायचा," शेठनी आम्हाला गाडीपाशी उभं करून समजावलं. "गारी भरल्याबिगर खोट कलत नाय." मी रबाळ्याच्या कारखान्यात यंत्रांची देखभाल करणारा इंजिनिअर. गाडी म्हणजे होडी नव्हे, हे मी त्यांना सांगून पाहिलं. त्यांनी मला मागच्या सीटवर डावीकडे बसवलं. काकू अंगाने भरभक्कम, म्हणून त्यांना उजवीकडे. केमिस्ट हलका, म्हणून त्याला 'बारीक फरक कलायला' सगळ्यात मागे.

मग दर रविवारी पामबीच रोडवर आमची ही चाचणी चालायची. वाशीकडे जाताना डाव्या हाताला खाडी, परत येताना डाव्या हाताला वस्ती. शेठ काच खाली करून म्हणायचे, "बगितलंस? जाताना खारीकरं वढते, येताना घराकरं. गारीचा तरी काय दोस?" मग कडेला थांबून आमच्या जागा बदलायच्या. काकू पुढे, मी मागे, केमिस्ट मध्ये. "आता जरा कमी वढते कं?" असं विचारल्यावर आम्ही तिघं गंभीरपणे मान डोलवायचो. होडी किनाऱ्याला लागली की सगळ्यांनी मिळून खायचं, हा त्यांच्या बापाचा नेम होता. म्हणून चाचणी संपली की पार्किंगमध्ये डबा उघडला जाई. तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी, शेठनी स्वतः केलेली. काकू माळकरी, त्यांच्यासाठी वेगळं वांग्याचं भरीत. तिथेच मला पहिल्यांदा कळलं की केमिस्ट उत्तम नकला करतो. एकाच जिन्याने वर्षानुवर्षं चढउतार करणारी आम्ही माणसं, त्या बिघडलेल्या स्टिअरिंगमुळे एकमेकांना ओळखायला लागलो.

पण माझ्यातला इंजिनिअर काही स्वस्थ बसेना. शेठना खूश करावं म्हणून एका शनिवारी "जरा चक्कर मारून आणतो" म्हणत गाडी घेऊन गेलो आणि रबाळ्यातल्या ओळखीच्या गॅरेजात टाकली. स्टिअरिंगचा एक सांधा झिजला होता. तो बदलला, चाकांची अलाइनमेंट केली, चहा संपायच्या आत काम झालं. संध्याकाळी शेठना शेजारी बसवून मी गाडी सरळ रेषेत नेऊन दाखवली. "बघा शेठ, कुठे ओढते का?"

शेठनी वाकून स्टिअरिंगवरचे माझे हात पाहिले. मग म्हणाले, "नाय. सरल चालतंय. बरं क्येलंस." आणि घरी आल्यावर अंगणात खुर्ची न टाकताच आत गेले.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी आंघोळ करून, शर्ट घालून तयार बसलो होतो. हाक आली नाही. पुढच्या रविवारीही आली नाही. काकू वेणीफणी करून जिन्यात उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "आज शेठ नाहीत का हो घरी?" शेठ घरीच होते. मी गॅलरीतून वाकून पाहिलं तर ते पार्किंगमध्ये, त्या सात सीटच्या गाडीत एकटेच बसले होते. गाडी बंद. हात स्टिअरिंगवर. नीट झालेल्या गाडीत बसायला या, असं लोकांना कोणत्या तोंडाने सांगायचं, हे त्या भल्या माणसाला समजत नव्हतं.

मी काकूंना आणि केमिस्टला घेऊन खाली गेलो आणि काचेवर टकटक केली. "शेठ, त्या दिवशी बोललो नाही, पण मागच्या बाजूला काहीतरी वाजतंय."

शेठनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्यामागे उभ्या असलेल्या दोघांकडे. "कसला आवाज? मना तं नाय आला."

"बारीक आहे," केमिस्ट म्हणाला. "चार माणसं बसल्याशिवाय यायचा नाही."

शेठनी हात मागे करून दाराचं लॉक उघडलं.

पामबीच रोडला लागलो. गाडी लोण्यातून चालल्यासारखी चालली होती. डाव्या हाताला खाडीला भरती आली होती. चौघंही कान देऊन ऐकत होतो आणि कुठेच काही वाजत नव्हतं. वाशी जवळ आली तसं मी भीत भीत विचारलं, "आला का आवाज, शेठ?"

"नाय," शेठ म्हणाले. "जरा फुरं जाऊन बगू."