सात नंबरची तक्रार

वानखडेनं सात नंबरची तक्रार तिसऱ्यांदा बंद केली, तेव्हा माझं डोकं फिरलं. रजिस्टरमध्ये शेरा होता, ‘पंचिंगची चूक. बंद.’ म्हणजे दोष प्रोग्रामचा नाही, आकडे टाइप करणाऱ्या बाईंचा.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नागपुरात धरमपेठेत आमची लहानशी कॉम्प्युटर कंपनी होती. एका शिक्षणसंस्थेच्या परीक्षांचे निकाल तयार करायचं काम मिळालं होतं. वानखडे प्रोग्रामर. मी सिस्टिम अ‍ॅनालिस्ट, म्हणजे दोन्हीकडून बोलणी खाणारा. सिंधू मेश्राम डेटा एंट्री ऑपरेटर, त्यातही टेम्पररी. पंचिंगच्या चुकांबद्दल त्यांना दोन मेमो मिळाले होते. तिसरा मिळाला की घरी, असं साहेबांनी सांगून ठेवलं होतं.

तक्रार मेश्रामबाईंनीच लिहिली होती: परीक्षेला गैरहजर असलेल्या मुलांना निकालात गुण दिसत होते. वानखडे म्हणे, बाई चुकीचे आकडे टाकतात. बाई म्हणत, मी टाकतच नाही. आणि बंद करायचा पेन वानखडेच्या हातात.

मी नियम मांडला. दुरुस्त करणाऱ्यानं फक्त ‘दुरुस्त’ लिहायचं. ज्यानं तक्रार लिहिली, त्यानंच तपासून ती बंद करायची. दर सोमवारी उघड्या तक्रारी सगळ्यांसमोर वाचायच्या. एवढ्याशा गोष्टीसाठी तीन मीटिंगा झाल्या. पहिलीत रजिस्टरला कॉलम सात असावेत की नऊ, यावर दोन तास गेले. दुसरीत साहेब म्हणाले, प्रत्येक तक्रारीवर माझी सही पाहिजे. साहेब महिन्यातले पंधरा दिवस दौऱ्यावर. सही घ्यायला काय मी एसटीनं त्यांच्या मागे फिरू?

तिसऱ्या मीटिंगमध्ये खरं दुखणं बाहेर आलं.

“आता ऑपरेटर माझं काम तपासन का?” वानखडे म्हणाला. “मी एम.एस्सी. आहो.”

“काम नाही गा. त्यायची तक्रार मिटली का, एवढंच त्यायले विचार.”

“एकच झालं ते. काहून इतकं लावून धरून राहिला तू?”

मेश्रामबाई मध्येच म्हणाल्या, “सर, मी तुमच्यासमोर एंट्री करते. मंग चूक कोणाची ते लिहा.”

त्यांनी रसायनशास्त्राची यादी घेतली. पहिल्या मुलाला एकसष्ट गुण, दुसरा गैरहजर. आम्ही तिघं स्क्रीनकडे पाहत होतो, एंट्री बरोबर होती. प्रिंट काढली. गैरहजर मुलापुढे एकसष्ट. वानखडेनं स्वतः एंट्री करून पाहिली. पुन्हा एकसष्ट.

चहाचा कप न विसळता पुढच्याला दिला की जे होतं, तेच झालं होतं. प्रोग्राम आधीच्या मुलाचे गुण पुसत नव्हता. वानखडेनं ते फक्त गणितात दुरुस्त केलं होतं आणि तिन्ही वेळा गणितच तपासलं होतं.

“गणिताचं तं बरोबर आहे न,” तो पुटपुटला.

साहेबांनी नियम मान्य केला. मी विचारलं, “आणि बाईंचे ते दोन मेमो?”

“पाठक, मेमो द्यायची पद्धत आहे. वापस घ्यायची नाही.”

मला मनस्वी संताप आला. निकाल सुधारले, तरी शिक्षा बाईंच्या फाइलमध्ये तशीच राहणार होती. पुढे आणखी एक मेमो आला, की नोकरी गेली. मी रजिस्टर मेश्रामबाईंसमोर ठेवलं. “लिहा,” म्हटलं.

त्यांनी पेन उचलून लिहिलं. तक्रार क्रमांक बेचाळीस: ‘माझ्या फाइलमध्ये दोन चुकीचे मेमो आहेत.’ दुरुस्त कोण करणार, या कॉलममध्ये: ‘साहेब’.

साहेब हजर असतील त्या प्रत्येक सोमवारी मी ती मोठ्यानं वाचली. पहिल्यांदा ते हसले. दुसऱ्यांदा हसले नाहीत. चौथ्यांदा वाचून झाल्यावर त्यांनी रजिस्टर ओढून घेतलं, ‘दुरुस्त’ लिहिलं आणि सवयीनं पुढे ‘बंद’ही लिहून टाकलं.

मेश्रामबाईंनी ‘बंद’वर काट मारली. “साहेब, फाइल मागवा. पाह्यल्याशिवाय बंद नाही होत.”

साहेबांनी फाइल मागवली आणि दोन्ही मेमो काढून घेतले. बाईंनी पहिल्या कागदापासून शेवटच्यापर्यंत एकेक पान उलटलं, मेमो नाहीत याची खात्री केली आणि मग सही केली.

पुढे मी बऱ्याच कंपन्यांत काम केलं. ‘झालं’ हा शब्द मी करणाऱ्याच्या तोंडून मानत नाही. ज्याचं अडलं होतं, त्याला विचारतो.