बिनपाण्याचे घाट

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी वरठीच्या माझ्या मावसाजींचं, म्हणजे मावशीच्या यजमानांचं नाव घेतो. आणि आमच्या भंडारा जिल्ह्यात सर्वांत हळू मोटरसायकल कोण चालवतं, असं विचारलं तरी मला त्यांचंच नाव घ्यावं लागतं. आमचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं आणि नव्या वस्तीत दहावीच्या पुढे शाळा नव्हती, तेव्हा मावसाजी मला आपल्या घरी घेऊन आले. पुढची पाच वर्षं मी त्यांच्या मागच्या सीटवर बसून वरठीहून भंडाऱ्याच्या कॉलेजात गेलो. अंतर दहा-बारा किलोमीटरचं. तेवढ्यात माझा अर्थशास्त्राचा एक धडा पाठ होऊन जात असे. मावसाजी पोलादाच्या कारखान्यात फिटर होते. कारखान्याचे सायकलवाले आम्हाला मागे टाकून पुढे जात आणि जाता जाता "रामराम मिस्त्री" म्हणत. मावसाजींना त्याचं काही वाटत नसे. ते म्हणत, "गाडी आपल्याले नेते का आपण गाडीले नेतो, हे पयले ठरवा लागते."

ते हॉर्न वाजवत नाहीत. हॉर्न वाजला की माणूस दचकतो आणि नाव घेतलं की थांबतो, असा त्यांचा अनुभव आहे. त्यामुळे वरठीत ते प्रत्येकाला नावाने हाक मारूनच बाजूला करतात, आणि ओळख नसेल तर "ओ भाऊ" म्हणतात. हे "ओ भाऊ" माणसांपुरतं नाही, बैल, कुत्री आणि एकदा तर रस्त्यावर वाळत घातलेलं धान यांनाही त्यांनी ते म्हटलेलं मी ऐकलं आहे. दर रविवारी ते वैनगंगेच्या घाटावर जाऊन आधी गाडी धुतात आणि मग स्वतः आंघोळ करतात. त्यासाठी एक लोखंडी बादली हँडलला कायम लटकलेली असते. फोनवर त्यांचा विश्वास नाही. फोन उचलून ते "मी बरा हावो, तू बरा हायेस, ठेव" एवढं सांगतात आणि ठेवून देतात. काही महत्त्वाचं सांगायचं असेल तर पत्र लिहावं लागतं. ते पत्र मावशी मोठ्याने वाचते, मग मावसाजी ते घडी करून खिशात ठेवतात, आणि तेव्हा कुठे ती गोष्ट खरी ठरते.

माझ्या प्रवेशाच्या दिवशी एक दाखला कमी पडला होता आणि कॉलेजचा कारकून खिडकी बंद करायला निघाला होता. मावसाजींनी न बोलता आपला जेवणाचा डबा त्या खिडकीत ठेवून दिला. खिडकी लागेना. "साहेब, पोरगा दाखला आणते. तुमी खिडकी नोका लावू, माहा डबा चेपन," असं ते अगदी नम्रपणे म्हणाले. मी तासाभराने धावत दाखला घेऊन आलो, तेव्हा तो कारकून आणि मावसाजी त्या डब्यातली वांग्याची भाजी खात होते. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर अशा रीतीने कॉलेजात शिरला. आज मी तुमसरला शिक्षक आहे. आता ते मला चारचौघांत "गुरुजी" म्हणतात, पण घरात अजून बाबूच.

तर या मावसाजींनी गेल्या दिवाळीनंतर जाहीर केलं की ते मावशीला मोटरसायकलवर पचमढीला नेणार. मावशीच्या सगळ्या मैत्रिणी महादेवाच्या यात्रेला बसने जाऊन आल्या होत्या. ती एकटीच राहिली होती, कारण मावसाजींना बस लागते. बस नुसती सुरू झाली तरी त्यांना मळमळतं, आणि त्यांना सोडून मावशी कुठे जात नाही. मोटरसायकल मात्र त्यांना कधीच लागली नाही. नागपूरला राहणाऱ्या त्यांच्या मुलीने, मंदाताईने, हे ऐकलं आणि ती दुसऱ्याच दिवशी वरठीला येऊन धडकली. सत्तरीला टेकलेला माणूस सातपुड्यात मोटरसायकल चालवणार, हे तिला पटणारं नव्हतं. बरीच वादावादी झाली. शेवटी तिने अट घातली. बाबूने आपल्या गाडीवर सोबत जायचं आणि वाटेत बाबांचं चालवणं पाहायचं. परत आल्यावर तो जे सांगेल ते शेवटचं. बाबांना गाडी झेपत नाही असं तो म्हणाला, तर गाडी विकायची. मावसाजींनी अट लगेच मान्य केली. परीक्षक घरचाच आहे, असं त्यांना वाटलं असावं. मला मात्र त्या रात्री जेवण गेलं नाही. ज्या गाडीने मला माणसात आणलं, तिचा निकाल माझ्या हातात आला होता.

निघण्यापूर्वी मावसाजींनी मला रस्ता विचारला. मी सांगितलं, तुमसर, कटंगी, सिवनी, छिंदवाडा, तामिया, मग पचमढी, आणि वाटेत लहानमोठे पाच घाट लागतील. पाच घाट म्हटल्यावर ते एवढे खूश का झाले, हे मला त्या वेळी कळलं नाही. मावशीनेही पाच नारळ आणि हळदकुंकवाच्या पाच पुड्या बांधून घेतल्या. मला वाटलं, महादेवासाठी असतील.

कटंगीच्या पुढे सपाट रान संपलं, सागाचं जंगल सुरू झालं आणि रस्त्याच्या कडेला "घाट प्रारंभ" अशी पाटी आली. मावसाजींनी गाडी थांबवली. स्टँडवर लावली. हँडलची बादली काढली आणि रस्त्याच्या कडेला जाऊन खाली पाहू लागले. मावशीही पदर खोचून, एक नारळ आणि एक पुडी हातात घेऊन त्यांच्या मागे उभी राहिली. खाली फक्त झाडं होती. बराच वेळ पाहून मावसाजी माझ्याकडे वळले.

"बाबू, घाट हाये मंते. मंग पानी कोठी हाये?"

चूक माझी होती. आमच्या वैनगंगेच्या काठी घाट म्हणजे नदीत उतरायची जागा. तिथे आंघोळ होते, कपडे धुतले जातात, फार तर रेतीचे ट्रक भरतात. डोंगरातल्या वळणाच्या रस्त्यालाही घाट म्हणतात हे मी पुस्तकात वाचलेलं होतं, पण ते समजावून सांगायचं मला सुचलंच नव्हतं. आता मी ते सांगितलं. मावसाजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग इकडं नदीले काय मंतेत?" मावशी मात्र माझ्यावर रागावली. एवढं शिकला, मास्तर झाला, अन् पाण्याविना घाट असते हे सांगायला याला तोंड नव्हतं, असं ती त्या सागाच्या झाडांना सांगत होती. पाच नद्यांची पूजा करायच्या हिशेबाने ती घरून निघाली होती.

पण मावशीची चूकसुद्धा वाया जात नाही. घाट चढून वर आलो तर एका झाडाखाली शेंदूर लावलेला देव होता आणि एक ट्रकवाला तिथे उदबत्ती लावत होता. मावशीच्या हातात नारळ पाहून तो म्हणाला, "बहुत अच्छा किया माताजी. घाट पे नारियल तो चढ़ाना ही पड़ता है." मावशीने नारळ फोडला, त्याला त्यातला अर्धा दिला आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचे दोन घाट तोंड उघडलं नाही. नंतर प्रत्येक घाटमाथ्यावर आम्हाला कोणता ना कोणता देव भेटला आणि मावशीचे नारळ अगदी हिशेबात संपले.

डोंगरातही मावसाजींनी हॉर्न वाजवला नाहीच. प्रत्येक आंधळ्या वळणाआधी ते मोठ्याने "ओ भाऊ" म्हणत. छिंदवाड्याच्या पुढे एका वळणाच्या पलीकडून "हाँ भाई, आओ" असं उत्तर आलं. तिथे एक माणूस म्हैस घेऊन उभा होता. मावसाजींनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ असा होता की, हे मंदाला सांग.

त्यांच्या मागे बसलेली मावशी सारखी बोलत होती. माझ्या गाडीपर्यंत शब्द येत नव्हते, नुसता आवाज येत होता. मला वाटलं, इतक्या वर्षांनी दोघं एकटी निघाली आहेत, बोलत असतील संसाराचं. दर संध्याकाळी मंदाताईचा फोन येई, कसे चालवतात बाबा, आणि मी मनापासून "झकास" म्हणत असे.

दुसरा मुक्काम तामियाला झाला. सकाळी टपरीवर चहा घेताना मी मावसाजींचा ग्लास त्यांच्या डाव्या हाताशी ठेवला. ते बोलत बसले. चहा निवू लागला. मावशीने ग्लास उचलून त्यांच्या उजव्या बाजूला ठेवला आणि त्यांनी तो लगेच घेतला. मला ते जरा विचित्र वाटलं.

तामियाहून मटकुलीकडे रस्ता उतरतो. एका वळणावर समोर सगळी दरी उघडी झाली आणि निळ्या डोंगरांच्या रांगांमागे रांगा दिसू लागल्या. मावशीचा आवाज बंद झाला. ती मान वर करून पाहत होती. आणि त्याच वेळी मावसाजींची गाडी हळूहळू डावीकडे सरकू लागली. डांबर सोडून खडीवर आली. पुढे कठड्याचे दगड आणि त्यापलीकडे काही नव्हतं. मी जोरात हॉर्न दाबला. मावशी दचकली आणि तिने त्यांचा उजवा खांदा ओढला. गाडी रस्त्यावर आली, आणि तिचं बोलणं पुन्हा सुरू झालं. या वेळी मी अगदी जवळ होतो म्हणून मला ऐकू आलं. "डावीकडं दगड. डावीकडं मोरी. डावीकडं एक बाई, डोक्यावर मोळी. आता मोकरं हाये." संसाराचं त्यात काहीच नव्हतं.

मटकुलीजवळ देनवा नदी लागली. "घ्या, इथं पानी हाये तं घाट नाई," म्हणत मावसाजी बादली घेऊन खडकांवरून खाली गेले आणि एकेक बादली वर आणून आनंदाने गाडी धुऊ लागले. मी मावशीजवळ बसलो आणि त्यांना डाव्या डोळ्याने दिसत नाही का, असं विचारलं. मावसाजी पुन्हा बादली घेऊन खाली उतरल्याची तिने खात्री केली. मग म्हणाली, दीड वर्ष झालं, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला आहे. ऑपरेशन म्हटलं की ते विषय बदलतात. मंदाला कळलं तर ती गाडी विकेल, म्हणून सांगितलं नाही.

"डावी बाजू माह्याकडं हाये," ती म्हणाली. "मी सांगतो, ते चालवतेत."

ती पुढे हळू बोलली. "आमच्या बाया सांगे, गाडीत बसलं का पहाड संगं संगं चालतेत. तेच पाहाले आली होती मी. पन पाहू कवा? जरासं वर पाहिलं, तं हे तिकडं निंगाले."

पचमढीला आम्ही दोन दिवस होतो. महादेवाचं दर्शन झालं, सगळे पॉइंट झाले. मावसाजींनी प्रत्येक ठिकाणी "हे पाय, ते पाय" म्हणत मावशीला डोंगर दाखवले. ती पाहत होती आणि हसत होती. पण ते डोंगर जागच्या जागी उभे होते.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मंदाताईचा फोन आला. मी या वेळी "झकास" म्हणालो नाही. परत आल्यावर सांगतो, म्हणालो. मावसाजी शेजारीच बसले होते. त्यांनी बूट काढले, मोजे झटकले, आणि माझ्याकडे न पाहता बोलू लागले. कारखान्यात पाळी संपली की जे बिघडलं ते रजिस्टरात लिहावंच लागतं. नाही लिहिलं तर मागून येणाऱ्याचा हात जातो. बत्तीस वर्षांत त्यांनी एकदाही लपवलं नव्हतं.

"पन लिहाची पद्धत असते, बाबू," ते म्हणाले. "मशीन खराब, असं लिहाचं नाही. कोनता नट ढिला हाये, तेवढंच लिहाचं."

परतीच्या वाटेवर मी पुढे राहिलो आणि त्यांच्याहीपेक्षा हळू चालवली. आरशात दोघं दिसत. मावसाजी सरळ ताठ बसलेले, आणि मावशी खाली वाकून रस्त्याची कड पाहत असलेली. वरठी येईपर्यंत तिने मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी मी नागपूरला जाऊन मंदाताईला भेटलो आणि तुमसरला परत आल्यावर मावसाजींना पत्र लिहिलं. फोनवर सांगून ते खरं झालं नसतं.

तीर्थस्वरूप मावसाजींना,
बाबूचा साष्टांग नमस्कार.

मी मंदाताईला सगळं सांगितलं. तुम्ही सांगितलं होतं तसंच सांगितलं, की गाडी ठीक आहे, चालवणारा ठीक आहे, फक्त डावा डोळा दुरुस्तीला घ्यायचा आहे. ती आधी रडली, मग माझ्यावर रागावली, की पहिल्याच दिवशी का सांगितलं नाही. तुमच्यावर रागावलेली नाही. गाडी विकायची नाही, असं तिने कबूल केलं आहे. डोळा दाखवायला ती शनिवारी तुम्हाला घ्यायला येईल. रेल्वेने जायचं आहे, बसने नाही, हे मी तिच्याकडून पक्कं करून घेतलं आहे. डॉक्टर सांगतील तोपर्यंत गाडी आपण होऊन उभी ठेवा. तुम्ही ठेवाल हे मला माहीत आहे, तरी लिहितो, कारण लिहिलेलं तुम्ही मानता.

तुमच्यामुळे मी शिकलो हे मी आजवर तुम्हाला कधी सांगितलं नाही. तोंडाने सांगायची लाज वाटते, म्हणून या कागदावर लिहून ठेवतो.

एकच मागणं आहे. ऑपरेशनच्या भीतीने मागे सरकू नका. डोळा बरा झाला आणि डॉक्टर हो म्हणाले की मावशीला त्याच रस्त्याने पुन्हा न्या. ती एवढे दिवस तुमच्या मागे बसून पचमढीला जाऊन आली, पण तिने रस्त्याची डावी कड तेवढी पाहिली. डोंगर चालताना तिने अजून पाहिलेले नाहीत.

हे पत्र मावशीच वाचून दाखवत असेल. ती इथे थांबली, तर तिला थोडा वेळ थांबू द्या.

तुमचा,
बाबू