शेंग न सोलता

तुरीच्या शेंगा उकडल्याचा वास आला की ती शेवटची दुपार आठवते. अकोल्याच्या जुन्या शहरात आमच्या ओट्यावर बसून बायको अन् मी उकडलेल्या शेंगा सोलून खात होतो. पोरीनं बनवलेलं मशीन उपग्रहासंगं वर गेलं होतं, पण चालू व्हायचं राहिलं होतं. ताऱ्यांकडून येणाऱ्या बारक्या कणांत किती वीज आहे, ते मोजते म्हणे. शेंग न सोलता आत किती दाणे ते ओळखाचे, तसं, असं पोरीनं मायले सांगितलं होतं. तवापासून बायको शेंग चाचपून "चार" म्हणे अन् तीन निघत. मी म्हटलं, "तुयासारखं मशीन असलं तं पोरीची नोकरी गेली." ती हसली नाही. "काहो, पोरीचा फोन काहून नाही आला? बंदच पडलं असंन का?" फोनकडे पाहता पाहताच, दिवे लागायच्या आधी, तिच्या छातीत कळ आली अन् ती गेली. सकाळी पोरगी बंगलोरहून पोहोचली, तवा तिरडी बांधून झाली होती अन् लोक घाई करत होते. मी सगळ्यांले थांबवलं. पोरीले विचारलं, "चालू झालं?" तिनं मान डोलावली. "मले नको सांगू," म्हटलं, "मायच्या कानात सांग." तिनं वाकून सांगितलं. मंग मी म्हटलं, आता उचला.