उगाचचा माल

मथुरामावशी खोलीत आली की आधी दारावरच्या फळीकडे बघायची, मग खाटेखाली वाकायची आणि सगळ्यात शेवटी आमच्या तोंडाकडे. तेवढ्यात तिला खोलीत काय वाढलं, काय कोंबलं आणि कोण उपाशी झोपलं, हे कळलेलं असायचं. मग "दमले गो बाय" म्हणत ती दाराच्या चौकटीला पाठ लावून घासून घ्यायची. पाठ तिची कायम धरलेली. सकाळी पहिली पाच मिनिटं तर ती वाकूनच चालायची. आम्ही मलम द्यायचो. "म्हातारपनाला कुठला मलम?" असं म्हणायची आणि डबी मात्र परत करायची नाही.

भिवंडीतल्या आमच्या मुलींच्या हॉस्टेलची ती मावशी. झाडलोट, पाण्याची मोटर, गेटचं कुलूप, आजारी मुलीला पेज, सगळं तिच्याकडे. मूळची दिघाशीची. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. आधी अकरा वर्षं ती दापोड्याला एका गोडाऊनमध्ये पॅकिंगला होती. गुडघे गेले तसं ते काम सुटलं, पण गोडाऊन काही तिच्या डोक्यातून गेलं नाही. सामानाला ती माल म्हणायची. "रोजचा माल हाताशी, जड माल तळाला, कवातरी लागनारा डोक्यावर. यात शिकायचं काय हाय? आमच्याकडं अंगठा उठवनाऱ्या बाया करायच्या." हे ती आम्हा बी.कॉम.वाल्यांना ऐकवायची.

आमची खोली तिघींची, दहा बाय बारा. शेजारच्या इमारतीत कापड विणायचे लूम. ते सुरू झाले की आमची भिंत थरथरायची आणि फळीवरचा स्टीलचा पेला हळूहळू सरकत कडेला येऊन धाडकन खाली पडायचा. मावशीने लूमवाल्यांकडून कापडाच्या काठाची लांब चिंधी आणली आणि फळीच्या पुढून ताणून दोन खिळ्यांना बांधली. पेला थांबला. सुताचे रिकामे पुठ्ठ्याचे कोन आणून त्यांत तिने आमची पेनं आणि कंगवे उभे केले. कौतुक केलं की म्हणायची, "जागा नसतेच गो. ती काढाया लागते."

आम्ही मान डोलवायचो. डोलवायला काय जातं?

दुसऱ्या वर्षी हॉस्टेल बघणाऱ्या मॅडमनी आमच्या खोलीत चौथी खाट टाकायचं ठरवलं आणि माझं डोकं फिरलं. सकाळी नळाला रांग, बाथरूमला रांग, मग कॉलेज, दुपारनंतर मी एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसायचे. खोलीवर येऊन खाटेवर अंग टाकणं एवढंच सुख उरलं होतं, त्यात आणखी एक वाटेकरी. मी टेपने खोली मोजली, कागदावर नकाशा काढला, खाटा, टेबल, पेट्या सगळं दाखवलं आणि चौथी खाट बसूच शकत नाही, हे सिद्ध करून अर्ज लिहिला. तिघींनी सह्या केल्या. खरं सांगते, त्या नकाशाचा मला अभिमान वाटला होता.

रविवारी दुपारी ती चौथी मुलगी आली. रंजना. गणेशपुरीच्या पलीकडच्या पाड्यावरची. सोबत बाप. मॅडमनी त्याला माझा अर्ज दाखवला. "मुली म्हणतात, बसत नाही. पुढच्या वर्षी बघू."

बाप हळूच म्हणाला, "आता घरी न्हेली तर पुढचं वरीस कसलं, मॅडम? तिचं लगीनच लावतील. मी एकटा किती जनांना आडवू?"

रंजना पॅसेजमध्ये आपल्या बॅगेवर बसली होती. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही. मी तिथेच उभी होते. अर्ज मागे घेते, एवढं म्हणायला मला तोंड नव्हतं का? होतं. पण मी मॅडमच्या हातातल्या माझ्या अर्जाकडे बघत राहिले.

मावशीने हातातला झाडू भिंतीला लावला. "अर्ज ऱ्हाऊ दे, मॅडम. दोन तास द्या मना."

तिने आमची सगळी खोली गॅलरीत काढली. तीन ढीग केले: रोजचा, महिन्याचा आणि उगाचचा. तिसरा ढीग सगळ्यात मोठा झाला. "बघा," ती म्हणाली, "मानसं तीन आनि उगाचचा माल सात जनींचा." मग खाटांच्या पायांखाली दोन-दोन विटा घातल्या आणि पेट्या आत सरकवल्या. टेबलही विटांवर चढवलं आणि चौथी खाट खिडकीखाली अशी लावली की तिचं पायथ्याचं टोक टेबलाखाली गेलं. पुढे हॉस्टेल सुटेपर्यंत रंजनाचे पाय आमच्या पुस्तकांखाली झोपले.

शेवटी एकच पेटी उरली. माझी.

"ह्यात काय हाय, सुजाता?"

"लागणारं आहे सगळं."

"शेवटी कवा लागलं?"

मला आठवेना. मावशीने रागावून पाहिलं असतं तर बरं झालं असतं. ती नुसती दमलेली दिसली. "दे हिकडं," म्हणाली आणि पेटी फरफटत जिन्याखालच्या आपल्या खोलीत घेऊन गेली. त्या खोलीच्या दाराला पडदा असायचा. आम्ही कधी आत डोकावलो नाही, कोणी डोकावतं का?

रंजनाच्या बापाला शेवटची एसटी मिळाली. तो एकटा गेला.

शिक्षण संपल्यावर मी कल्याणला खोली घेतली. निघताना म्हटलं, "मावशी, पेटी पुढच्या खेपेला नेते."

"ऱ्हाऊ दे. काय खायाला मागते का?"

ती पुढची खेप सहा वर्षं आली नाही. मग एका सकाळी रंजनाचा फोन आला. ती आता पडघ्याजवळ आरोग्य केंद्रात नर्स आहे. "मावशी गेली," ती म्हणाली. "गावी नेलं होतं, आठ दिवसांत गेली. खोली रिकामी करायला सांगितलीय. तुझी पेटी तिथंच हाय."

जिन्याखालचा पडदा मी पहिल्यांदा सारला. आत खाट नव्हती. खाटेला जागाच नव्हती. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पेट्या एकीला एक भिडवून लावलेल्या, वेगवेगळ्या उंचीच्या, बुटक्या पेट्यांवर गोणपाटाच्या घड्या, आणि त्यावर मावशीचं अंथरूण. तिचा स्वतःचा माल खिळ्याला टांगलेल्या एका पिशवीत होता. प्रत्येक पेटीवर खडूने नाव. "पुढच्या खेपेला नेते" म्हणून गेलेल्या आम्ही सहा जणी.

माझी पेटी मधोमध होती. तिच्या झाकणावरची लोखंडी कडी खाली बसत नाही, ती पहिल्यापासून तशीच आहे. मावशीने तिच्यावर चिंध्यांची चौघडी बांधली होती. ती बरोबर कंबरेच्या जागी येत होती.

"उघड," रंजना म्हणाली.

आत एक आखूड झालेला स्वेटर, अकरावीची गाइडं, शर्यतीत मिळालेला न वापरलेला जेवणाचा डबा आणि लग्नाच्या पत्रिकांचा गठ्ठा होता. लागणारं काहीच नव्हतं. एवढ्यासाठी मी रंजनाला परत पाठवणार होते, आणि एवढ्यावर मावशी आठ वर्षं पाठ टेकत होती.

रंजनाने तो स्वेटर उचलून घडी केली आणि पुन्हा आत ठेवला. मग तिने पेटीची एका बाजूची कडी धरली, मी दुसऱ्या बाजूची धरली.