बेटावरचे शिजवलेले गहू

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. वडील गेले तेव्हा मला विमानाचं तिकीट मिळत होतं. मीच आलो नाही.

काल फुलंब्रीला दादाच्या नातीचं बारसं होतं. घुगऱ्यांसाठी गहू शिजत होते आणि त्या वासानं मला ग्रीसच्या एका लहानशा बेटावर नेलं. वडील गेले तेव्हा कंपनीनं मशीन बसवायला मला ग्रीसला पाठवलं होतं. फोनवर दादा म्हणाला, "ये रे बाबा, सगळे तुझीच वाट बघायलेत." "तिकीटच नाय," मी म्हणालो आणि दुसऱ्या दिवशी बेटाच्या बोटीत बसलो. मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून ज्या वडिलांनी मला पुन्हा कधी उंबरा ओलांडू दिला नाही, त्यांच्यासाठी डोकं कशाला भादरू?

चर्चबाहेर काळ्या कपड्यांतली एक म्हातारी साखर आणि डाळिंबाचे दाणे घातलेले गहू मूठमूठ वाटत होती. "तिचा नवरा गेलाय," बोटवाला म्हणाला. "खाताना म्हणायचं, देव त्याला माफ करो." मी तसं म्हणालो. मग म्हातारीनं दुसरी मूठ भरली आणि बोटवाल्याकरवी विचारलं, "तुझं कोण गेलं?" मी वडिलांचं नाव घेतलं. पुढचं माफीचं वाक्य मात्र तोंडातून निघालं नाही.

आजही निघत नाही, आणि त्याची मला लाज नाही. पण काल दादा पाहुण्यांना सांगत होता, "त्याला तिकीटच मिळालं नव्हतं, नायतर पळत आला असता." मी हातातली घुगऱ्यांची वाटी तशीच खाली ठेवली.

वडिलांचं मी काही देणं लागत नाही. दादाला मात्र समोर बसून खरं सांगायचं आहे, तेवढं देणं राहिलंय.