सुभेदारांच्या दारावरचा खिळा

ती घटना आजही आठवते, ती एका खिळ्यामुळे. उंब्रजच्या बाजूच्या एका गावात, एका घराच्या चौकटीला बाहेरून ठोकलेला खिळा. त्यावर मोटारसायकलची किल्ली लटकत असे. गावात कुणालाही गरज लागली की त्याने ती काढायची, काम उरकायचं आणि परत अडकवायची. विचारायची पद्धत नव्हती. घर होतं सैन्यातून निवृत्त झालेल्या एका सुभेदारांचं.

मी तेव्हा सहायक पोलीस निरीक्षक होते. ऊसतोडीचे दिवस होते. भर दुपारी एकच्या सुमारास एका तरुण शेतकऱ्याचा ऊस पेटला. वाऱ्याने आग शेजारच्या रानात गेली. तिथे एका विधवा आजींचा ऊस आणि गोठा होता. म्हैस सोडवताना आजींचे दोन्ही हात भाजले. म्हैस वाचली, रेडकू गेलं. आजींना मलकापूरच्या दवाखान्यात हलवलं. फिर्याद तरुणानेच दिली: अज्ञात इसमाने आग लावली. हा तरुण सुभेदारांचा चुलत पुतण्या. घर भिंतीला भिंत लागून.

आग तरुणाच्या रानातल्या बांधापासून सुरू झाली, असं पंचनाम्यात आलं. दुसऱ्या दिवशी खबर मिळाली. रस्त्याकडेला पंक्चर काढणारा आमचा जुना खबरी म्हणाला, "मॅडम, आगीच्या जरा आदी सुभेदाराची गाडी त्या बांधावर हुती. पलटणीचं चित्र हाय की तिच्यावर, वळखतो मी."

सुभेदारांना ठाण्यात बोलावलं. इस्त्रीचा शर्ट, मिशी नीट कातरलेली. येताना स्टाफसाठी भुईमुगाच्या शेंगांची पिशवी घेऊन आले. मी ती परत करायला लावली. पोलिसाला पहिल्या वर्षीच नाही म्हणायला शिकावं लागतं. फिर्यादीच्या घरचा चहासुद्धा मी कधी घेतला नाही.

"तुमची गाडी तिथे काय करत होती?" मी विचारलं.

सुभेदार खुर्चीच्या हाताकडे बघू लागले. मग म्हणाले, "मीच लावली आग, मॅडम."

माझे ठाणे अंमलदार खूश झाले. मी झाले नाही. पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही हे एक, आणि पाच मिनिटांत कबूल होणारा माणूस एकतर फार घाबरलेला असतो किंवा कुणाला तरी झाकत असतो. हे घाबरलेले नव्हते.

"रस्त्याच्या बाजूने लावली?"

"व्हय."

"की ओढ्याच्या बाजूने?"

"तिकडूनबी लावली."

"काडीने की लायटरने?"

"तुमी म्हणाल तसं."

मी समोरच्या खिडकीकडे बोट दाखवलं. "ही काच गेल्या महिन्यात फुटली. तीही तुम्हीच फोडली?"

सुभेदारांनी काचेकडे नीट बघितलं. "मला काय आठवत न्हाई, पर तुमची अडचण हुत आसंल तर लिवा माज्या नावावर."

अंमलदार हसू दाबत बाहेर गेले. मी मात्र वैतागले. या माणसाला नाही म्हणता येत नव्हतं, अगदी तपासातसुद्धा.

"तुरुंगात जाल. पेन्शनवर गदा येईल," मी म्हटलं.

"तुरुंगात काय, पलटणीवानीच टायमावर जेवान. पर तेची बायकू आठ म्हैन्याची हाय हो." बोलून गेले आणि जीभ चावली. कुणाची बायको, हे कितीही विचारलं तरी सांगेनात.

तेवढ्यात त्यांची बायको डबा घेऊन आली. नवऱ्याकडे न बघता तिने मला सुनावलं, "मॅडम, ह्यास्नी इचारून काय उपेग? ह्यांनी गाडी दिली न्हाई असं एक माणूस गावात दावा. किल्ली भायेर खिळ्याला. मी म्हन्ते, एक दिस कुनीतरी मलाबी घिऊन जाईल, तरी हे म्हन्तील, आसूंदे, लागत आसंल त्येला!"

"आगं, गप की," सुभेदार पुटपुटले.

"का गप बसू? त्या दिशी दुपारी तुमी कट्ट्यावर शेंगा फोडत बसला हुता. मी भाकरी दिली तुमास्नी. आग लावाय काय सपनात गेला हुता?"

गाडी कुणी नेली हे तिला ठाऊक नव्हतं, ती लगेच चुलीकडे गेली होती. पण आठ महिन्यांची गरोदर बाई शेजारच्याच घरात होती. म्हणजे फिर्यादीच्याच घरात. स्वतःचा ऊस स्वतः कोण जाळेल, हे शहरातल्या माणसाला कळणार नाही. आमच्या भागात कळतं. जळका ऊस लवकर वाळतो, वजन घटतं, म्हणून कारखाना त्याला आधी तोडणीची टोळी देतो. दर थोडा कमी मिळतो, पण रान मोकळं होतं. तोडीची वाट बघून कंटाळलेले काही जण हा उद्योग करतात.

मी कारखान्याच्या गट कार्यालयात गेले. तिथे तोडीच्या नोंदी ठेवणाऱ्याला चिटबॉय म्हणतात. नाव चिटबॉय, वय पंचावन्न. पुतण्याचं नाव काढताच तो सहज म्हणाला, "लय घाईचा हाय बघा त्यो. सकाळी धाला फोन केला, जळीत हाय, उद्या टोळी द्या म्हून."

आग लागली एकला. आणि दहा वाजता ऊस जळालेला होता! फोनच्या नोंदी मागवल्या, वेळ जुळली. पण त्याच्या हाती गाडी होती हे सांगणारा एकच माणूस होता, आणि तो गुन्हा स्वतःवर घेऊन बसला होता.

त्यांना समजावण्यात मी वेळ घालवला नाही. जीपमध्ये बसवलं आणि मलकापूरला नेलं.

आजींचे हात कोपरापर्यंत बांधलेले होते. सुभेदारांना बघून त्या म्हणाल्या, "आलास व्हय रं? समदी म्हन्त्यात तूच आग लावलीस. मी म्हनलं, येडी हायसा काय? रोज माज्या म्हशीची धार कोन काढून देतंय?"

सुभेदारांनी त्यांच्या अंगावरची चादर सारखी केली.

"मग कुनी लावली रं? तुला ठावं आसंल तर सांग. माजं रेडकू मेलं."

ते पाय वाजू न देता बाहेर आले. व्हरांड्यात बाकावर बसले. मी शेजारी बसले आणि एवढंच म्हटलं, "सुभेदार, पुतण्याशी तुम्ही चांगलं वागताय. पण त्याची किंमत आजी मोजतायत. त्यांना विचारलंत का?"

ते ताठ बसले.

"न्हाई, मॅडम. मी लावली न्हाई."

पुढचा जबाब सरळ होता. बाराच्या सुमाराला पुतण्याने किल्ली काढताना त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. पुतण्याला बोलावलं. जबाबाची पहिली ओळ वाचताच तो रडायला लागला. आग एवढी पसरेल असं वाटलं नव्हतं, म्हणाला. सगळे असंच म्हणतात. दोषारोपपत्र दाखल झालं, पुढे त्याला शिक्षा झाली. खटला उभा राहण्याआधीच त्याची बायको बाळंतपणाला गेली, ती सुभेदारांच्याच मोटारसायकलवर, मागे सुभेदारांची बायको, म्हणजे काकू, तिला धरून बसलेल्या. आजींचे हात बरे होईपर्यंत म्हशीची धार दोन्ही वेळेला सुभेदारांनी काढली.

माणूस फार चांगला असू शकतो का, असं मला कुणी विचारलं तर मी या दोन गोष्टी वेगळ्या करते. बाळंतपणाला नेणं हा चांगुलपणा. दुसऱ्याचा गुन्हा अंगावर घेणं हा नव्हे. त्यात ज्याचं नुकसान झालं तो माणूस हिशेबातच धरलेला नसतो. बहुतेक भल्या माणसांना समोर उभा असलेलाच दिसतो, दवाखान्यात पडलेला दिसत नाही. तपासात मी गुन्हेगारांपेक्षा अशा भल्या माणसांनीच जास्त दमले. तरी ती माणसं आवडतात, हे लपवत नाही.

स्वेच्छानिवृत्ती घेतल्यानंतर एकदा साताऱ्याला चालले होते. उंब्रजच्या पुढे माझी गाडी बंद पडली. मेकॅनिक दोन तास लागतील म्हणाला. साताऱ्यात एक पार्सल वेळेत पोचवायचं होतं, म्हणून सुभेदारांचं घर गाठलं. आता मी पोलीस नव्हते. चहा घेतला, शेंगाही खाल्ल्या. चौकटीवर खिळा होता, किल्ली नव्हती.

"गाडी पायजे? न्या की मॅडम," सुभेदार लगेच म्हणाले आणि बायकोकडे बघितलं.

काकूंनी कमरेची किल्ली हातात घेतली, पण दिली नाही.

"कुठं निघाला?"

"साताऱ्याला."

"काय काम?"

"पार्सल द्यायचंय."

"कवा येनार?"

"चारपर्यंत."

"न्हाई आला तर?"

आयुष्यभर मी लोकांचे जबाब घेतले. त्या दिवशी ओट्यावर उभं राहून मी मुकाट्याने दिला.