यशवंतरावांची गाडी आणि मनकर्णाचा दम

गुणवंता मिस्त्रीला मी इंग्रजी पुस्तक वाचून दाखवलं, आणि नको ते पान वाचलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

साल शहाऐंशी. पांढुर्ण्यात मी शाळामास्तर, आणि गुणवंता माझा भिंतीला भिंत लागून शेजारी. डिझेलची कुठलीही गाडी आली की लांब पेचकसाचं, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हरचं, एक टोक इंजिनावर टेकवायचा, दुसरं कानाला लावायचा आणि सांगायचा, तिसऱ्या सिलिंडरचं नोझल गेलं. बहुतेक वेळा तेच गेलेलं असे. त्यामुळे अंगात थोडी ऐट होती. ज्या कामापुढे दुसऱ्या मिस्त्रीने हात टेकले, ते त्याला जिलेबीसारखं गोड लागे.

घरात मात्र त्याचं काही चालत नव्हतं. त्याची बायको मनकर्णा वीस वर्षं यशवंतराव मालकांच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस साफ करायला जात होती. दोन वर्षांपासून तिला दम लागत होता. नळावरून भरलेली कळशी आणताना ती वाटेत दोनदा खाली ठेवायची. दवाखान्यात टीबी म्हणाले, सहा महिने गोळ्या झाल्या, फरक शून्य. जामसांवलीच्या मारुतीला अकरा शनिवार झाले. ती बिचारी एकच गोष्ट सांगायची, "सोमवारी लय लागते जी." त्यावर गुणवंता म्हणायचा, "दम का वार पाहून लागते का, वेडे?"

त्याच दसऱ्याला यशवंतरावांनी दिल्लीच्या लिलावातून एक परदेशी गाडी आणली. पांढरी, जुनी, डिझेलची, आणि तिला टर्बो. म्हणजे इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरणारं एक चाक, जे इंजिनात जास्तीची हवा कोंबतं. गावात असलं कुणी पाहिलं नव्हतं. दिवाळी होईपर्यंत गाडी पळाली, मग सुस्तावत गेली. संक्रांतीला तर ॲक्सिलेटर तळाला टेकला तरी तिगावच्या रस्त्यावरचा चढ ती दुसऱ्या गियरमध्ये, काळा धूर सोडत चढू लागली. मागून येणारे बैलबंडीवाले हसायचे.

गुणवंताने डिझेलचं फिल्टर बदललं, लाईनीतली हवा काढली, नोझल नागपूरहून तपासून आणली, ब्रेक चाक धरून ठेवतात का पाहिलं. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त, असं धरून पंप कमी केला, तर गाडी आणखीच मवाळ झाली. राहता राहिला टर्बो. जे कधी पाहिलं नाही तेच बिघडलं असणार, असं आपल्या सगळ्यांनाच वाटतं. गाडीसोबत आलेलं जाडजूड पुस्तक घेऊन तो माझ्याकडे आला.

"गुरुजी, टर्बोचं वाचा."

गाडीची ओढ कमी पडली तर काय पाहावं, असं एक साधं पान त्यात होतं. पण मला माझं इंग्रजी मिरवायचं होतं. ते पान उलटून मी थेट टर्बोच्या आकृत्यांवर गेलो. तीन आठवड्यांत गुणवंताने तो टर्बो दोनदा उतरवला, दोनदा बसवला. आतलं चाक बोट लावताच सुळसुळ फिरायचं.

"याले काहीच नाही झालं," तो रडकुंडीला येऊन म्हणाला. "मंग मले समजून काहून नाही राहिलं?"

मी ओशाळून ते साधं पान उघडलं. पहिलीच ओळ होती, आधी हवेचं फिल्टर पाहा.

त्याच्या ओळखीच्या गाड्यांचं फिल्टर वरच दिसायचं. हिचा काळा बंद डबा खाली कोपऱ्यात, बाहेरून स्वच्छ. क्लिपा काढल्या. आतल्या कागदी फिल्टरवर रुईचा थर बसला होता, घोंगडीसारखा जाड आणि करडा. गाडी रोज जिनिंगच्या आवारात, कापसाच्या ढिगाशेजारी उभी राहायची आणि उडणारी रुई ओढून घ्यायची; इंजिनाला हवाच पोचत नव्हती.

मी हसलो. वाटलं, आता तोही हसेल. तो मात्र बोटांनी तो थर सोलत बसला.

"गुरुजी, गाडी चार महिने होती तेथं," तो म्हणाला. "मनकर्णा वीस वर्सं."

घरी येऊन त्याने तिला विचारलं, सोमवारी काहून? ती म्हणाली, "रविवारी छुट्टी राहते ना. तेवढा एक दिवस बरी राहते. सोमवारी आत गेली का छाती आवळते."

"आधी काहून नाही सांगितलं?"

"सांगूनच तर राहिली होती."

नागपूरला मीही सोबत गेलो. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, काम काय करते विचारलं, आणि म्हणाले, कापसाची धूळ आहे, काम आजपासून बंद, झालेलं नुकसान भरून येणार नाही. गुणवंताने विचारलं, "साफ नाही होत का, साहेब?" मला तिथून उठून जावंसं वाटलं.

इकडे नवं फिल्टर बसलं, पंप जागेवर आला आणि गाडी चौथ्या गियरमध्ये चढ चढली. यशवंतराव खूश. गुणवंता म्हणाला, गाडी रुईपासून दूर ठेवा मालक. आठ दिवसांत रस्त्याच्या बाजूला पत्र्याची शेड उभी राहिली. आणि बक्षीस म्हणून यशवंतराव म्हणाले, "मनकर्णाच्या जागी तुझ्या पोरीले, वंदनाले लावून घेतो. जागा घरातच राहीन."

"मालक, तेथं रुई..."

"अरे, सगळ्याच बाया करतात. सगळ्याईलेच होते का?"

माणूस वाईट नव्हता, म्हणूनच मला जास्त संताप आला. पण मनकर्णाच्या औषधांचा खर्च कायमचा झाला होता. गुणवंताने हात जोडून होकार दिला. मी शेजारीच उभा होतो, आणि मुलांना शब्द शिकवून पोट भरणारा मी त्याच्यासोबत मालकांना नमस्कार करून बाहेर आलो.

रोज सकाळी तो धोतराचा धुतलेला तुकडा ओला करून वंदनाच्या नाकातोंडावर स्वतः बांधायचा, गाठ दोनदा ओढून पाहायचा. सोमवारी संध्याकाळी ती परतली की हातपाय धुण्याआधीच तिला कळशी देऊन नळावर धाडायचा. मग पेचकस बाजूला ठेवून ओट्यावर उभा राहायचा, आणि पोरगी भरलेली कळशी वाटेत कुठे खाली ठेवते का, ते पाहत राहायचा.